मुकुट सोडा, मळा बघा

सौंदर्यस्पर्धा जिंकलेली बाई पुढे कलेच्या किंवा शांततेच्या कामात पडली की तिच्याबद्दलचा वाद ठरलेल्या रुळावरून धावू लागतो. एकीकडे खिल्ली: स्टेजवर 'जागतिक शांतता' घोकून आलेली ही बाई आता खऱ्या युद्धावर बोलणार! दुसरीकडे भारावलेपण: बघा, मुकुटाचं तिनं कसं सोनं केलं. फिलिपिन्सच्या मार्जी मोरान-फ्लोइरेंडो यांचं नाव निघालं की हेच दोन सूर लागतात. १९७३ ची विश्वसुंदरी, पुढे 'बॅले फिलिपिन्स' या नृत्यसंस्थेच्या अध्यक्ष, मनिलाच्या सांस्कृतिक केंद्राच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष, आणि देशाच्या दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटावरच्या यादवीत शांततेसाठी एकत्र आलेल्या स्त्रियांपैकी एक. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही पक्ष मुकुटाकडे टक लावून बसलेत, आणि या सगळ्या प्रकरणात मुकुट ही सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. मोरान यांचं काम खरं आहे, आणि ते अर्धवटही आहे. खरेपणाचं श्रेय मुकुटाला देता येत नाही, तसा अर्धवटपणाचा दोषही त्याच्या माथी मारता येत नाही. दोन्हींचा माग काढायचा तर मिंदानाओवरच्या दावाओच्या केळीच्या मळ्यांपर्यंत जावं लागतं.

पण आधी खिल्ली उडवणाऱ्यांचं ऐकू, कारण त्यांच्यातल्या शहाण्यांकडे दमदार मुद्दा आहे. एकोणीस वर्षांच्या मोरान अथेन्समध्ये जिंकल्या तेव्हा फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचा लष्करी कायदा येऊन दहा महिने झाले होते. संसदेला कुलूप, वर्तमानपत्रांना कुलूप, विरोधक गजाआड. पुढच्या वर्षी, जुलै १९७४ मध्ये, स्पर्धाच मनिलात आणली गेली. तिच्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर ७७ दिवसांत एक अख्खं नाट्यगृह उभं करवलं. त्या मंचावर मोरान यांनी आपला मुकुट स्पेनच्या अम्पारो मुन्योस हिच्या डोक्यावर ठेवला. पाचच महिने आधी, फेब्रुवारीत, दक्षिणेच्या सुलू बेटांवरचं होलो हे शहर सैन्य आणि मोरो, म्हणजे दक्षिणेतले मुसलमान, बंडखोर यांच्या लढाईत जळून गेलं होतं. जगाला टीव्हीवर त्या वर्षी यातलं कोणतं फिलिपिन्स दाखवलं गेलं? इमेल्डाबाई स्वतः तरुणपणी सौंदर्यस्पर्धेच्या वाटेनं वर आलेल्या होत्या. देखणेपणाचा राज्यकारभारात काय उपयोग होतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय त्या देशात अशा स्पर्धांना विरोध करणाऱ्या पोरी नाकं मुरडणाऱ्या संस्कृतिरक्षक नव्हत्या. 'माकिबाका' या स्त्रियांच्या संघटनेनं १९७० मध्ये राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेवर निदर्शनं केली. तिची नेती लोरेना बारोस कवयित्री होती. पुढे भूमिगत झाली आणि १९७६ मध्ये सैन्याच्या गोळीला बळी पडली. आपल्याकडे १९९६ मध्ये बंगळुरूला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा शेतकरी संघटना, डाव्या महिला संघटना आणि भारतीय नारीच्या अब्रूची काळजी वाहणारे असे सगळे एकाच फुटपाथवर घोषणा देत उभे राहिले, आणि कोण कशासाठी ओरडतंय याचा पत्ता लागेना. मनिलातल्या पोरींच्या डोक्यात तो घोळ नव्हता. बाईच्या देहाची मोजमापं आणि हुकूमशहाची प्रतिमा या दोन गोष्टी एकाच दुकानात विकल्या जातात, असं त्यांना म्हणायचं होतं. ते मला मान्य आहे. मोरान यांचा मुकुट त्या राजवटीनं वापरला, यात वाद नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वापरला गेलेला मुकुट बाईला जन्मभर चिकटतो का? याच देशातली, याच पिढीतली दोन नावं बघा. माइता गोमेझ १९६७ मध्ये जगत्सुंदरी स्पर्धेत फिलिपिन्सची प्रतिनिधी होती. लष्करी कायद्याच्या काळात ती बंदूक घेऊन डोंगरात गेली, पकडली गेली, कैदेतून निसटली, आणि पुढे 'गाब्रिएला' या महिला संघटनेच्या उभारणीत तिचा हात होता. नेलिया सांचो १९७१ मध्ये 'क्वीन ऑफ द पॅसिफिक' ठरली, त्याच दशकात मार्कोसच्या तुरुंगात गेली, आणि नव्वदच्या दशकात जपानी सैन्यानं दुसऱ्या महायुद्धात लैंगिक गुलाम केलेल्या म्हाताऱ्या बायकांना हाताशी धरून टोकियोकडे जाब मागत राहिली. मुकुट तिघींना मिळाला. एकीनं तो हुकूमशहाच्या मंचावर पुढच्या विजेतीच्या हवाली केला, दोघींनी त्याच हुकूमशहाशी झुंज घेतली.

हे आपल्याला नवं वाटू नये. १९६६ मध्ये जगत्सुंदरी झालेली रीटा फारिया मूळ गोव्याच्या घरातली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. जिंकल्यावर महिन्याभरात तिला बॉब होपच्या ताफ्यात व्हिएतनामला नेलं गेलं, अमेरिकन सैनिकांचं मन रमवायला. भारतात त्यावरून गदारोळ झाला. मग तिनं ती सगळी झगमग बाजूला ठेवली, लंडनला शिक्षण पुरं केलं आणि आयर्लंडमध्ये डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. युद्धाच्या छावणीत नाचवला गेलेला तो मुकुट आणि नंतरचा स्टेथोस्कोप यांचा काय संबंध लावणार? काही नाही. आणि मधू सप्रे? १९९२ मध्ये बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिला विचारलं, देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील. खेळाडू पोरगी, तिनं क्रीडासंकुल बांधीन असं सांगितलं आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिली. लोक अजून म्हणतात, गरिबी हटवीन म्हणाली असती तर जिंकली असती. म्हणजे त्या मंचावर तरुण पोरीकडून खोट्या करुणेची अपेक्षा असते, हे आपण गृहीत धरतो. आणि नंतर त्यांच्यापैकी कुणी खरंच काही करू लागली तर तेही खोटंच असणार, असा संशय घेतो. तिनं करायचं तरी काय?

आता भारावलेल्यांकडे वळू. त्यांचा मुद्दा असा, की मुकुटानं मोरान यांना व्यासपीठ दिलं, ओळख दिली, दारं उघडून दिली. ऐकायला बरं वाटतं, पण हे तपासून बघा. मोरान स्वतंत्र फिलिपिन्सचे पहिले राष्ट्राध्यक्ष मान्युएल रोहास यांची नात. रोहास हे तिथल्या राजकारणातलं मातब्बर घराणं. लग्न झालं ते दावाओच्या फ्लोइरेंडो कुटुंबात, ज्याच्या संस्थापकाला लोक 'केळ्यांचा राजा' म्हणत. अशा बाईला दारं उघडायला रेशमी पट्टा कशाला लागतो? मुकुट नसता तरी त्या कुठल्या ना कुठल्या विश्वस्त मंडळावर बसल्याच असत्या. उलट, ज्यांच्याकडे मुकुटही नव्हता आणि आडनावही नव्हतं, त्यांना मिंदानाओत शांततेची चर्चा होते त्या खोलीत शिरायला किती वर्षं लागली, ते बघितलं म्हणजे व्यासपीठ कशानं मिळतं हे कळतं. रायसा हाहुरी ही मोरो वकील, फ्रॉयलिन मेंदोझा ही तेदुराय आदिवासी कार्यकर्ती. बांगसामोरो या मोरोंच्या स्वायत्त प्रदेशाच्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या आयोगावर या दोघींना जागा मिळाली, पण तोवर युद्ध सुरू होऊन चाळीस वर्षं उलटली होती.

तरीही मोरान यांचं काम मी खरं म्हणतो, आणि का ते सांगायला हवं. २००१ मध्ये आयरीन सांतियागो यांच्या पुढाकारानं 'मिंदानाओ कमिशन ऑन विमेन' उभं राहिलं, त्यात मोरान होत्या. सांतियागो या कसलेल्या संघटक. १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या वेळचा बिगरसरकारी महिला मेळावा त्यांनीच चालवला होता. या कमिशनचं वैशिष्ट्य असं की त्यात मोरो मुसलमान, लुमाद आदिवासी आणि बाहेरून येऊन वसलेल्या ख्रिश्चन घरांतल्या बायका एकत्र बसत. मिंदानाओत हे तिन्ही समाज एकमेकांना कसे बघतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ही बैठक साधी वाटणार नाही. आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांनी मोरो बंडखोरांच्या आघाडीविरुद्ध 'सर्वंकष युद्ध' पुकारलं होतं आणि लाखो माणसं निर्वासित छावण्यांत होती. त्याच २००१ च्या मे महिन्यात अबू सय्यफ या अतिरेकी टोळीनं सामाल बेटावरच्या 'पर्ल फार्म' या फ्लोइरेंडो कुटुंबाच्याच रिसॉर्टवर हल्ला केला, कर्मचारी मारले गेले. अशा वेळी श्रीमंतांना सोपी वाट असते: पहारेकरी वाढवायचे आणि मनिलाला निघून जायचं. संवादाची भाषा धरून ठेवायला थोडी हिंमत लागते. आणि राष्ट्राध्यक्षाला किंवा सेनापतीला थेट फोन लावू शकेल अशी एक तरी बाई त्या बैठकीत असणं उपयोगाचंच होतं. फोन उचलला जाण्याची ताकद वाईट मार्गानं आली म्हणून तो करूच नये, असं म्हणणारा माणूस बहुधा स्वतः कधी गोळीबाराखाली बसलेला नसतो.

मग अर्धवट काय राहिलं? इथे मळा येतो. मिंदानाओचं युद्ध धर्माचं आहे असं वरवर दिसतं, पण मुळाशी जमीन आहे. अमेरिकन अंमलापासून पुढच्या प्रजासत्ताक सरकारांपर्यंत सगळ्यांनी उत्तरेच्या दाट वस्तीतल्या भूमिहीनांना दक्षिणेत वसवलं. उत्तरेतल्या बड्या जमीनदारांना हात लावायचा नव्हता, मग दक्षिणेची 'मोकळी' जमीन वाटली. ती कुणाची होती हे विचारायला कोणी गेलं नाही. दोन पिढ्यांत मोरो आणि लुमाद आपल्याच बेटावर अल्पसंख्य झाले. १९६८ मध्ये कोरेगिदोर बेटावर मोरो तरुण सैनिकांची हत्या झाली, त्या ठिणगीनं नूर मिसुआरी नावाच्या विद्यापीठातल्या अध्यापकाच्या हाती बंडाचं निशाण आलं. त्या बंडात आणि पुढच्या लढायांत लाखाहून जास्त बळी गेल्याचा अंदाज दिला जातो.

याच काळात, १९६९ मध्ये, फ्लोइरेंडो कुटुंबाच्या ताडेको कंपनीनं दावाओच्या तुरुंग-वसाहतीच्या जमिनीवर केळी लावायचा करार सरकारशी केला. पाच हजारांहून जास्त हेक्टर, आणि कामाला इतर मजुरांबरोबर कैदीही. रावेर-यावलच्या बागाईतदाराला कॅव्हेंडिश केळीची बाग डोळ्यांपुढे आणायला सांगायला नको. तीच, पण क्षितिजापर्यंत, प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवलेली, आणि माल जपानी बाजाराच्या पसंतीच्या मापात. घराण्याचे मूळ पुरुष मार्कोस यांच्या निकटच्या वर्तुळात होते. मार्कोस गेल्यावर १९८७ मध्ये त्यांनी नव्या सरकारशी समझोता करून काही मालमत्ता परत केल्या. करार मात्र मुदती वाढत चालू राहिला. २०१७ मध्ये संसदेत त्याची चौकशी झाली: सरकारला भाडं कवडीमोल मिळतं, हा आरोप. करार कायदेशीर आहे आणि हजारोंना रोजगार देतो, ही कंपनीची बाजू.

सासरच्या व्यवहाराचा जाब सुनेला विचारणं ही आपली जुनी खोड, ती मला इथे करायची नाही. मळे मोरान यांनी लावले नाहीत. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. अशा घरांच्या छायेत शांततेचं काम वाढतं तेव्हा आईपण, संवाद, शिक्षण, सहजीवन यांबद्दल भरभरून बोललं जातं, आणि जमीन कुणाकडे किती आहे यावर आवाज आपोआप खाली येतो. कोणी तोंड दाबत नाही. नुसती ती बाब कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. बंदूकवाल्यांनी आणि वाटाघाटी करणाऱ्यांनी शेवटी कागदावर काय आणलं ते पाहा. २०१३ मध्ये सरकार आणि मोरो आघाडी यांच्यात संपत्तीच्या वाटपावर कराराचं जे परिशिष्ट ठरलं, त्यात धातू-खनिजांच्या सरकारी उत्पन्नातला ७५ टक्के वाटा बांगसामोरोचा आणि तेल-वायू-कोळशाचा निम्मा, अशी सरळ वाटणी आहे. त्यांच्यातल्या २०१४ च्या सर्वंकष शांतता करारावर सरकारच्या वतीनं मुख्य वाटाघाटीकार म्हणून मिरियम कोरोनेल-फेरर यांनी सही केली. प्राध्यापक बाई, जगात अशा करारावर मुख्य वाटाघाटीकार म्हणून सही करणारी पहिली स्त्री. तिथे भावनेला जागा होती, पण हिशेब आधी होता.

हा पेच आपल्याला घरचाच आहे. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू असताना एप्रिल १९५१ मध्ये विनोबा पोचमपल्लीला पोचले. दलितांनी जमीन मागितली, एका जमीनदारानं उभ्या उभ्या शंभर एकर दिली, आणि भूदान सुरू झालं. त्या क्षणाचं मोल कमी करायचं कारण नाही. रक्ताच्या जागी दान आलं. पण पुढे लाखो एकर मिळाल्याचे आकडे झाले तेव्हा त्यातली केवढी जमीन खडकाळ, वादातली किंवा कधीच वाटली न गेलेली होती! देणाऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर उभं राहिलेलं काम देणारा जिथे थांबतो तिथे थांबतं. विनोबांच्या निष्ठेवर कोणी शंका घेत नाही, म्हणूनच हे उदाहरण जास्त टोचतं. निष्ठा कमी पडली असती तर निदान तिला दोष देता आला असता.

कलेच्या कामाला हाच निकष लावतो. मनिलाचं सांस्कृतिक केंद्र १९६९ मध्ये इमेल्डाबाईंनीच उभं केलं. तो काँक्रीटचा देखणा ठोकळा तरंगल्यासारखा दिसतो, लेआंद्रो लोकसिन यांचं काम, बघण्यासारखं. त्याच आवारात १९८१ मध्ये चित्रपट केंद्राचं घाईघाईचं बांधकाम कोसळलं आणि मजूर त्याखाली गेले. अशा जागेची अध्यक्ष व्हावं का? काही जण म्हणतात, नाही. मी म्हणतो, जरूर व्हावं. हुकूमशहानं बांधलेली इमारत पाडून टाकणं हाच उपाय असता तर संस्थानिकांनी बांधलेली आपल्याकडची निम्मी नाट्यगृहं गेली असती. १९८६ नंतर निकानोर तिओंगसन यांच्यासारखी माणसं त्या केंद्रात आली. देशभरातल्या कलांची नोंद करणारा दहा खंडांचा कोश १९९४ मध्ये तिथूनच निघाला. इमारत तीच होती, काम बदललं.

पण कला दाखवणं आणि कलेच्या मालकांना खुर्ची देणं यांत अंतर आहे. 'सिंगकिल' या नाचाचंच बघा. जमिनीवर आडवे-उभे बांबू, बसलेले गडी ते तालात आपटतात, एकमेकांवर आदळतात. हातात पंखे घेतलेली राजकन्या खाली एकदाही न बघता त्या फटींतून पावलं टाकते, मागून दासी छत्री धरून चालते, आणि ओळीनं मांडलेल्या छोट्या काशाच्या घंटांवर ठेका वाढत जातो. पाऊल चुकलं तर घोटा सुजतो. हा नाच मिंदानाओच्या मारानाओ लोकांचा, त्यांच्या 'दारांगेन' महाकाव्यातल्या प्रसंगावरचा. मनिलाच्या नृत्यमंडळांनी तो जगभर नेला, सजवला, वेग वाढवला, आणि फिलिपिन्सची ओळख करून टाकला. त्याच मारानाओंचं मुख्य शहर, मरावी, २०१७ च्या मे ते ऑक्टोबर अतिरेकी आणि सैन्य यांच्या लढाईत ढिगारा झालं. नाच राजधानीत, ढिगारा तिकडे. गंमत म्हणजे १९८० मध्ये बॅले फिलिपिन्सनं रामकथेवर नृत्यनाट्य बसवलं, तेव्हा मारानाओंकडे स्वतःचं एक रामायण कधीचंच होतं, आणि त्याचं नाव रावणाच्या नावावरून आहे.

गाण्याला, कुस्तीला, नाटकाला आश्रय देणारे राजे आपल्याकडे पुष्कळ झाले. शाहू महाराजांचं नाव आजही वेगळं घेतलं जातं, कारण अल्लादियाखाँना मान देणाऱ्या त्याच दरबारानं १९०२ मध्ये निम्म्या नोकऱ्या मागासांसाठी राखून ठेवल्या. पहिल्या गोष्टीत दरबाराची शोभा वाढली, दुसरीत दरबारातली माणसं बदलली.

मोरान आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी घाम गाळला नाही असं कोणी म्हणू नये. नृत्यसंस्थेसाठी देणग्या गोळा करणं आणि शांततेच्या बैठकांना वर्षानुवर्षं हजर राहणं ही दोन्ही कंटाळवाणी, दाद न मिळणारी कामं आहेत. पण त्यांचा हिशेब करायचा तर अथेन्सचं ते मुकुटातलं छायाचित्र बाजूला ठेवून दोन यादींकडे बघावं लागेल: त्या ज्या मंडळांवर होत्या त्यांच्या विश्वस्तांची यादी आणि ताडेकोच्या कराराच्या अटींची यादी. पहिल्या यादीत त्यांच्यानंतर लानाओच्या तळ्याकाठची मारानाओ बाई येते, की राष्ट्राध्यक्षांची आणखी एखादी नात? आणि दुसरी यादी शांततेच्या बैठकीत कधी टेबलावर ठेवली जाते का?